आळ्यातली माती

फाल्गुन लागला. खालच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, त्यांच्या स्पीकरवरची गाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी येतात आणि वळणावर तुटतात. सोसायटीच्या कुंपणालगतचा करंज परवापरवापर्यंत नुसता खराटा होता; आता त्याला इतकी कोवळी, चकचकीत पानं आलीत की हात लावायचा धीर होत नाही. समोरच्या गच्चीवर कुरडयांचा चीक शिजतोय, त्याचा गोडसर आंबूस वास थेट आमच्या हॉलमध्ये येतो. या दिवसांत शिरूरमध्ये घराघरांत काहीतरी पसरलेलं असतं. कुणाकडे कुरडया, कुणाकडे सांडगे, कुणाकडे वर्षाचे गहू. आमच्या घरात माती पसरलेली असायची.

कुंड्यांची माती बदलायचा हाच मोसम, असं अश्विनी म्हणायची. अश्विनी माझी मुलगी. थंडी सरलेली असते, ऊन अजून भाजायला लागलेलं नसतं, झाडाला पालवीची घाई असते; अशा वेळी मुळांना नवी माती दिली की ती रुसत नाहीत, असं तिचं म्हणणं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ती क्वालिटीला होती. दिवसभर सुट्या भागांना पास-नापास करायचं आणि घरी येऊन मातीला, असा तिचा कारभार. मातीइतकं नापास तिने कंपनीतही कुणाला केलं नसेल.

हॉलमधला टीपॉय भिंतीशी ढकलून ती खाली एक जुना फ्लेक्स अंथरायची. कुणाच्या तरी वाढदिवसाचा होता तो. गॉगल लावून हात जोडलेले कुणी भावी साहेब त्यावर होते आणि ही बरोबर त्यांच्या कपाळावर मातीचा ढीग घालायची. ‘जमिनीशी नातं असलेलं नेतृत्व आहे आई, लिहिलंय बघ खाली,’ म्हणून स्वतःच हसायची. मग लाल माती, तेवढाच नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला नर्सरीत कोकोपीट म्हणतात तो, चाळलेलं जुनं शेणखत, धुतलेली वाळू आणि वर मूठभर निंबोळी पेंड. निंबोळीचा कडू वास चार दिवस घरातून हलायचा नाही, चहालासुद्धा तो लागायचा. मी कुरकुर करायची आणि ती ऐकायची नाही, हे आमचं ठरलेलं होतं.

सगळं कालवून झालं की परीक्षा. ओलसर माती मुठीत दाबायची. लाडू वळला पाहिजे, पण बोटाने टोचलं की फुटला पाहिजे. वळलाच नाही तर पाणी धरणार नाही. फुटलाच नाही तर मुळं गुदमरणार. ‘आई, तुझा रव्याचा लाडू या परीक्षेत नापास आहे,’ असं ती एकदा म्हणाली होती, आणि त्या वर्षीच्या लाडवांविषयी खरं तेच बोलली होती.

आप्पांना हे सगळं म्हणजे थट्टेचा विषय. आप्पा म्हणजे माझे यजमान. अश्विनी त्यांना आप्पा म्हणायची, ऐकून ऐकून मीही म्हणू लागले. त्यांची शेती वडगाव रासाईला, भीमेच्या अगदी काठावर. आम्ही शिरूरला फ्लॅट घेतला तो माझ्या शाळेच्या नोकरीसाठी आणि मुलीच्या शिक्षणासाठी; ते मात्र रोज मोटारसायकलने रानात जाणार आणि संध्याकाळी चपलांना चिखल घेऊन जिना चढणार. फ्लॅटमध्ये ते कधी रुळले नाहीत. बाल्कनीत उभे राहिले तर पाहुण्यासारखे उभे राहायचे.

एकदा माझ्या माहेरी, दौंडला, निघालो होतो. दिराचा पिकअप मागून आणला होता, चालवायला आप्पा, पुढे आम्ही तिघं दाटीवाटीने. न्हावऱ्यावरून चौफुल्याला बाहेर पडलं की सोलापूर रस्त्याला नर्सऱ्या लागतात. अश्विनीने एका नर्सरीपाशी गाडी थांबवायला लावली आणि दोन गोण्या उचलून मागे टाकल्या.

‘काय घेतलं गं?’

‘माती, आप्पा.’

‘माती? इकत?’

आप्पांनी पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. गावाकडचं कुणी नाही याची खात्री करून मग आवाज चढवला. ‘अगं, भीमामाय दरसाल आपल्या बांधाला गाळ आणून टाकती. पुरुषभर खनलं तरी खडा लागत न्हाई आपल्या रानात. आन् तू गोनीतली माती इकत घेती व्हय? गावात कुनाला सांगू नको बाई, सोयरीक जमायची न्हाई तुजी.’

‘आप्पा, तुमची माती चांगलीच आहे. पण शेताला तळ नसतो, कुंडीला असतो. तुमचं पाणी खाली खाली जात राहतं. कुंडीत कुठं जाणार? काळी माती पाण्याने फुगते, मग सुकली की विटेसारखी होते. मुळांना श्वास कसा घेता येणार?’

आप्पांनी गोणीचं तोंड किलकिलं केलं, चिमूटभर काथ्या नाकाशी नेला. ‘ही माती न्हाई. गादीतला काथ्या हाय ह्यो. हिला वास कुठं हाय?’ आणि दौंड येईपर्यंत ते अधूनमधून नुसतं ‘माती इकत’ एवढंच म्हणत आणि मान हलवत राहिले. अश्विनीला हसू आवरत नव्हतं.

मी त्या दोघांच्या मधे बसले होते आणि मनातून मुलीच्या बाजूने होते. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. वडील रेल्वेत. अंगणात खडी आणि इंजिनातल्या जळक्या कोळशाची खर, दुसरं काही नाही. आईने सदाफुली, गवती चहा, तुळस, सगळं तेलातुपाच्या डब्यांत वाढवलं. डब्यांच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. माती कुणाकडून तरी पिशवीतून मागून आणायची, तीत थोडी खर मिसळायची. माती ही आणावी लागणारी वस्तू आहे हे मला लहानपणीच कळलं होतं. आप्पांना ते साठीतही कळायचं कारण नव्हतं. ज्याच्या पायाखाली ती कायम होती त्याला ती कशी निवडायची हे कुणी शिकवायचं?

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर अश्विनीला कावीळ झाली. सगळेच म्हणाले, कावीळ आहे, उतरेल. ती उतरली नाही. डॉक्टरांनी यकृताचं पुष्कळ समजावून सांगितलं, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही. तिला पुण्याला नेलं आणि पुण्याहून आणलं. याच्यापुढे मला त्याबद्दल लिहिता येत नाही आणि यायलाही नको.

घरात माणसं येत होती, जात होती. बाल्कनीत तिची झाडं आपली वाढत होती. मला त्यांचा राग यायचा. मनी प्लांटने ग्रिलला वेढा घातला, रबराच्या झाडाने लालसर टोक उघडून नवं पान काढलं, आणि माघात लिलीला पांढरं फूल आलं. घरातली लिली ती, पीस लिली. काळपट हिरव्या रुंद पानांतून एकच पांढरी पाकळी उभी राहते. ते फूल पाहून मी बाल्कनीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी उघडलं आणि पाणी घातलं. तेव्हापासून रोज घालत आले. तिने हाताने लावलेलं, अजून जिवंत असलेलं घरात तेवढंच होतं. ती झाडं जगायला हवी होती, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत कळत होती.

आप्पा रानात जायचे, यायचे, जेवायचे. बोलणं मात्र बंद झालं होतं. ‘भाजी वाढू?’ म्हटलं तर मान हलायची, ती हो की नाही ते मी ठरवायची.

मग तो फाल्गुन आला, मागच्या वर्षीचा. एका सकाळी आप्पा वडगावहून लवकर परतले. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या भरलेल्या गोण्या बांधलेल्या. त्या त्यांनी एकट्याने जिन्याने वर आणल्या, टीपॉय भिंतीशी सरकवला आणि मला म्हणाले, ‘त्यो फ्लेक्स कुठं हाय? माती बदलायचा टाईम झाला न्हवं?’

मी फ्लेक्स काढून दिला. हा मोसम त्यांनी लक्षात ठेवला असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. इतकी वर्षं ते या कार्यक्रमाच्या वेळी पेपर तोंडासमोर धरून बसायचे. गोण्या उपड्या झाल्या आणि काळीशार, दमट माती हॉलभर पसरली. तिला वास होता. पाटाच्या पाण्याचा, उसाच्या पाचटाचा, नदीचा. आप्पांनी एकेक कुंडी आडवी केली, झाडं सोडवली, तिची ती कालवलेली माती झटकून बाजूला केली आणि मुळांभोवती आपली माती तळव्याने दाबून दाबून बसवली. लावणीला उसाचं बेणं दाबतात तशी. दाबता दाबता ते बोलायला लागले. लहानपणी ती रानात आली की चिखलाच्या भाकरी थापायची आणि त्यांना खायला लावायची, ते सांगितलं. ते खाल्ल्यासारखं करायचे तर तिला चालायचं नाही, ‘खरं खा’ म्हणायची, ते सांगितलं. ‘एकदा खाल्ली बी मी,’ म्हणाले आणि हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

ही माती कुंडीत चालणार नाही हे मला दिसत होतं. पण ते हसत होते. मी कोण त्यांना थांबवणार? मी केर भरला आणि तिची जुनी माती त्यांनीच खाली घंटागाडीत नेऊन टाकली.

उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. माती सुकली, आक्रसली, कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटली. पाणी घातलं की कडेकडेने सर्रकन खाली आणि मधला गोळा कोरडाच. आप्पा म्हणायचे, पाणी कमी पडतंय, आणि तांब्याने आणखी ओतायचे. मग मधला गोळा भिजला तो भिजलाच. रबराच्या झाडाची पानं खालून वर गळत गेली. मनी प्लांट पिवळा पडला. बाल्कनीत कुजकट वास यायला लागला. आप्पा रोज सकाळी खुरप्याच्या टोकाने माती हलवायचे, खाली वाकून एकेका पानाला निरखायचे. ज्या माणसाच्या उसाचं कौतुक पंचक्रोशी करते त्याला आपल्या हाताखाली पाच-दहा कुंड्या का मरतायत ते कळत नव्हतं. त्यांचा तो वाकलेला पाठमोरा देह मला बघवत नसे.

शेवटी पावसाच्या तोंडावर मी बोलले. ‘अहो, माती बदलून बघू या. ती आणायची तशी आणू नर्सरीतून. निदान लिली तरी वाचेल.’

आप्पांनी खुरपं खाली ठेवलं. ‘नगं,’ म्हणाले.

‘पण मरतायत हो. तिची झाडं आहेत.’

‘व्हय. म्हनून तर.’ मग कुंडीतल्या मातीवर तळवा ठेवला. ‘आळ्यातली माती हाय ती.’

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

आमच्याकडे हल्ली राख नदीत सोडत नाहीत. आपल्याच रानात खड्डा घेतात, राख त्यात घालतात आणि वर झाड लावतात. नदी खराब होत नाही आणि माणूस आपल्या मातीत राहतं. अश्विनीची राख आप्पांनी बांधाजवळच्या खड्ड्यात घातली, आंब्याचं रोप लावलं, त्याला आळं केलं. त्या आळ्यातली माती काढून त्यांनी गोण्या भरल्या होत्या. आळं पुन्हा दुसऱ्या मातीने भरलं होतं.

‘तिकडं रानात एकलीच हाय ती,’ आप्पा म्हणाले. ‘रातचं कुनी नसतं तिथं. म्हटलं, थोडी घरात बी असू दे. तिच्याच झाडांत.’

मी आत आले आणि कुकर लावला. वरणाला फोडणी दिली, कोथिंबीर चिरली, आणि चिरता चिरता लक्षात आलं की गेले कित्येक महिने मी त्या कुंड्यांना हात लावून हात धूत होते. नळाखाली, साबणाने. त्या दिवसानंतर मला हात धुवायचं जड जायला लागलं.

माती बदलली नाही. कशी बदलणार? पावसाळ्यात झाडं एकेक करून गेली. दर वेळी मेलेलं झाड उपटायचं आणि कुंडी तशीच, भरलेली, ठेवून द्यायची. पाहुणे विचारायचे, रिकाम्या कुंड्या कशाला ठेवल्यात? मी म्हणायची, लावायचंय काहीतरी. बाल्कनीत मातीने भरलेल्या कुंड्यांची रांग आणि शेवटी तेवढी लिली, तिची दोन पानं. थंडीत त्यातलं एक करपलं. तिच्या हातचं झाड राखायचं तर तिची माती काढावी लागणार, आणि माती ठेवायची तर झाड जाणार. मी रोज त्या एका पानापुढे उभी राहायची आणि ठरवता न येता परत फिरायची. आईने ठरवावं अशी ही गोष्ट नाही. कुणीच ठरवावं अशी नाही.

यंदाचा फाल्गुन लागला तरी मी गप्पच होते. काल दुपारी आप्पा रानातून आले ते उशिरा आले आणि भलत्याच रस्त्याने आलेले दिसले. अंगावर वडगावच्या रस्त्याची नसते तसली लालसर धूळ. मोटारसायकलच्या टाकीवर नर्सरीची गोणी. भीमाकाठच्या माणसाने, सोलापूर रस्त्यापर्यंत जाऊन, माती विकत आणली होती. गोणी रात्रभर हॉलमध्ये उभी होती.

आज सकाळी फ्लेक्स अंथरला. भावी साहेबांचा चेहरा आता पुरता गेलाय, जोडलेले हात तेवढे उरलेत. आप्पांनी लिली हलकेच आडवी केली, कुंडीच्या बुडावर थापट्या मारल्या आणि गोळा बाहेर घेतला. काळा, घट्ट, कुंडीच्याच आकाराचा गोळा. बोटांनी तो फोडायला त्यांना फार वेळ लागला. फोडायचं मनात नव्हतं म्हणून असेल. आतली मुळं तपकिरी, मऊ झालेली. मधोमध दोन-तीन मात्र अजून पांढरी. ‘हाय जीव,’ म्हणाले. त्यांनी कोमट पाण्यात मुळं धुतली, कुजलेली कात्रीने कापली आणि मग माती कालवायला घेतली. किती काय घालायचं ते मी सांगत गेले. कालवून झाल्यावर त्यांनी आपणहून मूठ दाबली, लाडू वळला, बोट लावलं. तो फुटला. आप्पा त्या फुटलेल्या लाडवाकडे बघत राहिले आणि मग तसेच, मातीच्या हातांनी, डोळे पुसू लागले. ‘बरोबर हुती पोरगी,’ एवढंच म्हणाले. मी पदराने त्यांच्या गालाची माती पुसली.

लिली लागली. जगेल की नाही सांगता येत नाही. जगावी.

मग राहिली ती माती. लिलीतली आणि त्या रांगेतल्या सगळ्या कुंड्यांतली. ती घंटागाडीत टाकायची नाही हे बोलायची गरजच नव्हती. आप्पांनी कुंड्या एकेक करून एका स्वच्छ गोणीत उपड्या केल्या. फ्लेक्सला चिकटलेली माती हाताने गोळा केली, फरशीवरची ओल्या फडक्याने टिपून घेतली, फडकं गोणीवर पिळलं. गोणीचं तोंड सुतळीने बांधलं. ‘सोडून येतो परत आळ्यात,’ म्हणाले आणि गोणी खांद्यावर घेऊन दारापर्यंत गेले. दारात थांबले. उंबऱ्यापाशी त्यांचा पाय अडला ते मी पाहिलं.

तिला नेलं तेव्हाही याच दारातून नेलं होतं. आमच्यात बायका पुढे जात नाहीत. मला याच उंबऱ्यावर जावांनी दोन्ही दंडांना धरून ठेवलं होतं, आणि जिन्यावरून खाली खाली जाणारे पायांचे आवाज तेवढे मी ऐकले होते. राख घालायलाही मी गेले नव्हते. तो आंबा मी अजून पाहिलेला नाही.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘मी येते.’

आप्पांनी मागे वळून पाहिलं. ‘ये,’ म्हणाले.

मी चपला घातल्या. खाली आल्यावर ते गोणी मागे बांधायला लागले, तेव्हा मी म्हटलं, बांधू नका, माझ्याकडे द्या. मी मागे बसले आणि त्यांनी गोणी माझ्या मांडीवर ठेवली. जड होती. साडी काळी होईल असं ते म्हणाले नाहीत. बाजार ओलांडला, उसाच्या ट्रॉलीच्या मागून हळूहळू गेलो, कुणी ओळखीच्याने हात केला. गावाबाहेर गतिरोधक आला तसा आप्पांनी वेग कमी केला आणि मान किंचित मागे वळवून विचारलं,

‘धरलीय न्हवं नीट?’

मी दोन्ही हातांनी तिला पोटाशी घेतलं.

‘धरलीय.’